वेदनेची साक्ष

एखादा मनुष्य असह्य वेदनेत आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे कर्तव्य त्या मनुष्याची शुश्रूषा केल्याने पुरे होते काय? की जेथे औषधांचे नियम ठरतात व पैसा मंजूर होतो, तेथे जाऊन त्या वेदनेविषयी बोलणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे? हा प्रश्न आपण परिचारिकांच्या संदर्भात विचारात घेऊ. तो आपल्याला परका नाही. मिरजेसारख्या मिशन दवाखान्यांतून शिकून आपल्या कित्येक घरांतील मुली पिढ्यान् पिढ्या या सेवेत गेल्या आहेत, आणि बहुतेकींना पहिला धडा मिळाला तो असा : सांगितलेले काम चोख करावे व उलट बोलू नये.

रुग्णालयात वेदना प्रथम कोणाच्या कानी पडते ते पाहा. सकाळी डॉक्टरांची फेरी येते. खाटेवरचे आजोबा कण्हणे आवरून म्हणतात, "बरं आहे, साहेब." मुलगा भेटायला आला की त्याच्यादेखतही ते अवसान आणून बसतात. पण रात्री दोन वाजता तेच आजोबा उशीत तोंड खुपसून पुटपुटतात, "सिस्टर, आता सोसवत नाही हो." ताप थर्मामीटरने मोजता येतो, रक्तदाबाला यंत्र आहे, वेदनेला मात्र साक्षीखेरीज दुसरे माप नाही. मार्गो मॅककॅफ्री नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९६८ साली ही गोष्ट स्पष्ट मांडली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की वेदना आहे किंवा नाही व ती किती आहे, हे सांगण्याचा अधिकार ज्याला ती होते त्याचा आहे. शुश्रूषा करणाऱ्याने त्याच्यावर विश्वास ठेवून कामाला लागावे. दुखणाइताला खोटा ठरवणे किती सोपे असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या साध्या विधानाचे मोल कळेल.

साक्ष ऐकणे एक आणि ती वजनदार मानली जाणे दुसरे. सिसिली सॉन्डर्स ही बाई मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे तिला ते काम सोडावे लागले, तेव्हा ती रुग्णालयातील समाजसेविका झाली. १९४८ च्या सुमारास लंडनमधील सेंट ल्यूक्स या मरणोन्मुख रुग्णांच्या रुग्णालयात ती संध्याकाळी स्वेच्छेने शुश्रूषा करी. तेथील परिचारिका रोगी तळमळू लागेपर्यंत थांबत नसत. वेदना परत येण्याच्या आतच, ठरल्या वेळी, मॉर्फीनचा घोट देत. त्यामुळे रोगी शुद्धीवर राहत, बोलत, आणि औषधाची याचना करण्याची लाज त्यांना सोसावी लागत नसे. पण ही गोष्ट जगाला पटवायची तर परिचारिकेचे कोण ऐकणार? एका वडीलधाऱ्या शल्यविशारदाने तिला वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला. ती १९५७ साली डॉक्टर झाली, आणि १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. तिची चिकाटी वंदनीय खरीच. परंतु परिचारिकांना आधीच ठाऊक असलेले सत्य ऐकून घेण्यासाठी जगाने त्यांच्यातील एकीला डॉक्टर व्हायला लावले, ही बाब काही भूषणावह नाही.

येथे कोणी म्हणेल, वेदना सोसण्यातही काही अर्थ असतो. प्रभूने वधस्तंभावर बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारलाच ना? नाकारला, हे खरे. पण तो स्वतःसाठी नाकारला. त्याच्याकडे आलेल्या एकाही रोग्याला, "आणखी थोडे सोस, तुझ्या आत्म्याचे कल्याण होईल," असे त्याने सांगितल्याचे शुभवर्तमानात कोठेही आढळत नाही. स्वतःचा वधस्तंभ उचलणे ही भक्ती होय. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवून त्याला धीराचा उपदेश करणे ही भक्ती नव्हे. जो सोसण्याचे स्वतःहून निवडतो त्याचा मान राखावा. पण ज्याला निवडायला दुसरे काही दिलेच नाही, त्याच्या सहनशीलतेची स्तुती करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता आपल्या देशाची स्थिती पाहा. इंदूरच्या वाचकांना मंदसौर व नीमचचा प्रदेश नवा नाही. तेथे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला तिच्यावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे, आणि जगातील औषधांसाठी येथून अफू निर्यात होत आली आहे. त्याच अफूपासून मॉर्फीन बनते. तरीही १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आल्यावर पुढील सुमारे बारा वर्षांत देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कायद्याने औषध बंद केले नव्हते. परंतु निरनिराळ्या खात्यांचे परवाने आणि चुकले तर तुरुंग, या धास्तीने दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. कर्करोगाचे रोगी घरी पाठवले गेले व तेथे ओरडत मेले. डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरी कागदावरचा नियम बदलला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात बाटली येते असे नाही.

ती कशी येते, हे युगांडा या गरीब देशाने दाखवले. १९९३ साली डॉ. अ‍ॅन मेरीमन यांनी तेथे हॉस्पिस सुरू केले. मॉर्फीनची भुकटी पाण्यात कालवून केलेले, तोंडाने घेण्याचे स्वस्त औषध त्यांनी वापरात आणले. पण खेड्यापाड्यांत डॉक्टरच नाहीत, तर ते लिहून कोण देणार? तेव्हा हॉस्पिसने परिचारिकांना या कामाचे नऊ महिन्यांचे शिक्षण दिले, आणि २००४ साली सरकारने नियम बदलून अशा शिकलेल्या परिचारिकांना मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार दिला. औषधही सरकार मोफत पुरवू लागले. रोज किवानुका या तेथील आरंभीच्या परिचारिकांपैकी एक. पुढे त्यांनी या सेवेच्या राष्ट्रीय संघटनेची धुरा वाहिली. आपल्याकडे केरळने २००८ साली याविषयीचे सरकारी धोरण जाहीर केले. तेथे ग्रामपंचायतींच्या पैशाने परिचारिका घरोघर जातात, जखमा धुतात आणि दुखणे किती आहे याची विचारपूस करतात.

या कामी सावधगिरीही हवी. अमेरिकेत १९९० नंतर वेदनेकडे लक्ष द्या अशी योग्य हाक उठली. पण गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांनी ती हाक आपल्या फायद्याकडे वळवली, धोके झाकून ठेवले, आणि व्यसनापायी लाखो माणसे मेली. त्यावरून वेदना शमवणे चूक ठरत नाही. साक्षीदाराने विक्रेत्याचा पैसा घेऊन बोलू नये, एवढे मात्र ठरते. ज्याला औषध विकून काही मिळवायचे नाही आणि दिल्यानंतर रात्रभर ज्याला रोग्यापाशी राहायचे आहे, त्याचा शब्द येथे अधिक विश्वासाचा. तशी व्यक्ती म्हणजे परिचारिका.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगताना आपण तेल, द्राक्षारस व पट्टी यांवर थांबतो. पण त्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार दिले, आणि अधिक लागल्यास परत येताना देईन असे वचन दिले, हेही त्याच गोष्टीत आहे. दया म्हटली की खर्चाचा हिशेब आलाच. मॉर्फीन महाग नाही. खर्च आहे तो शिकवण्याचा, पगाराचा, वाहनाचा. तो कोणीतरी मागावा लागतो, आणि जे नोंदवहीत लिहिले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही. म्हणून ताप व नाडीच्या रकान्याशेजारी वेदनेचा आकडा रोज लिहिणारी परिचारिका, आणि महिन्याच्या शेवटी तो कागद घेऊन अधीक्षकांच्या टेबलापुढे उभी राहणारी परिचारिका, ही एकच सेवा करीत असते. दुसऱ्या वेळी तिला उद्धट म्हणणारे पहिल्या वेळी तिला देवदूत म्हणत होते, एवढाच फरक.

आपल्यापैकी कित्येक जण रुग्णालयांच्या व्यवस्थापक मंडळांवर बसतात. कोणी पंचायतीत आहे, कोणी नगरपालिकेत. पुढच्या बैठकीत त्यांनी तीन गोष्टी विचाराव्या. आपल्या दवाखान्यात तोंडाने घेण्याचे मॉर्फीन आहे काय? नसल्यास त्यासाठी लागणारी मान्यता मागितली आहे काय? आणि या कामाचे शिक्षण घेण्यास किती परिचारिकांना पगारी रजा दिली? उत्तर देताना अध्यक्षांनी प्रथम सिस्टरना बोलू द्यावे.