सातबारा मालकाचा, वहिवाट कोणाची?

2023 च्या जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. त्यातल्या सहा संघांपैकी एकाचे नाव होते छत्रपती संभाजी किंग्ज. औरंगाबादच्या छत्रपती संभाजीनगर या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांवर नवे नाव चढण्याआधीच ते क्रिकेटच्या जर्सीवर चढले. संघाचा चेहरा होता तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर, म्हणजे मराठवाड्याचाच गडी. सामने मात्र झाडून सगळे पुण्यापलीकडे गहुंज्याच्या स्टेडियमवर, इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. 2024 चा हंगामही तिथेच झाला. 2025 ची यादी आली तेव्हा तीत पुणे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड आणि सातारा होते. छत्रपती संभाजीनगर नव्हते. संघ गेला म्हणून शहरातले कुठले मैदान ओस पडले नाही, कारण त्याच्यामुळे ते कधी भरलेच नव्हते. कुणाची संध्याकाळ रिकामी झाली नाही. ज्याला निरोप द्यायचा तो पाहुणा कधी घरी आलाच नव्हता.

यावरून या शहराला खेळाचे सोयरसुतक नाही असे कुणी म्हणेल, तर त्याला क्रीडा विद्यापीठाची आठवण करून द्यावी लागेल. औरंगाबादला होणार म्हणून जाहीर झालेले, करोडीच्या जागेची चर्चा झालेले हे विद्यापीठ अखेर पुण्यात बालेवाडीला करण्याचे ठरले आणि डिसेंबर 2020 मध्ये विधिमंडळात त्याचा कायदाही झाला. तेव्हा मराठवाड्यात ‘पळवले’ हा शब्द ऐकू आला, निवेदने गेली, संघटना बोलल्या. म्हणजे जे विद्यापीठ अजून कागदावर होते ते गेल्याचा राग आला आणि जो संघ दोन हंगाम प्रत्यक्ष खेळला तो गेल्याचे काही वाटले नाही. वरवर हे विसंगत दिसते, पण तसे नाही. आपले काय आणि परके काय हे ठरवण्याची या प्रदेशाची एक भाषा आहे. ती एका ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी मुकी होते.

ती भाषा अनुशेषाची. 1953 चा नागपूर करार, पुढे समतोल विकासाच्या आश्वासनांची भर, 1984 चा दांडेकर समितीचा अहवाल, 1994 चे वैधानिक विकास मंडळ या सगळ्यातून मराठवाड्याने आपले मागणे मांडायला एक वही केली. सरकारने काय द्यायचे होते, किती दिले, किती राहिले, हे त्या वहीत लिहिले जाते. सिंचन, रस्ते, शिक्षणसंस्था यांच्यासाठी ती वही कामाची ठरली. उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1981 मध्ये इथे आले तेही असे मागून, भांडून. पण अनुशेष हा न मिळालेल्याचा हिशेब असतो. जे मिळाले आणि वापरले त्यावर हक्क कसा सांगायचा हे ती वही शिकवत नाही. शिवाय देणेकरी सरकार असेल तरच ती चालते. खासगी मालकाच्या संघाला तिच्यात रकाना नाही.

त्याच्यासाठी दुसरा शब्द आपल्याकडे आहे आणि तो खेड्यापाड्यात रोज वापरात असतो: वहिवाट. जमीन सातबाऱ्यावर एकाच्या नावाने असते, पण तिच्या बांधावरून पलीकडच्या चार जणांच्या बैलगाड्या पिढ्यान्‌पिढ्या जात असतात. एखाद्या मोसमात मालक आडवी काट्यांची फांदी टाकतो, चर खणतो. प्रकरण तहसीलदाराकडे जाते, जागेवर पंचनामा होतो, आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे जबाब घेतात, चाकोरी किती जुनी ते पाहतात. 1906 चा मामलतदार न्यायालय कायदा यासाठीच आहे. तहसीलदार जमीन कुणाची हे ठरवत बसत नाही. वाट अडवू नको एवढेच मालकाला सांगतो. मालकी न घेताही हक्क असू शकतो, आणि तो सलग वापरातून येतो, ही कल्पना आपल्या मातीत मुरलेली आहे. व्यावसायिक संघ शहर सोडून निघाला की चाहते जे ओरडतात, ते भावनेचे रडगाणे म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो वहिवाटीचा दावा असतो, आणि तो तसाच तपासला पाहिजे.

हा दावा पूर्वी करावा लागत नव्हता, कारण संघ हलवता येण्याजोगे नव्हते. मुंबईतल्या चौरंगी आणि मग पंचरंगी सामन्यांत संघ धर्माचे असत: हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेल्यांचा एक. तिथे ‘आपला’ कोण हे जन्माने ठरे. पळवापळवीचा प्रश्न नव्हता, पण विष भरपूर होते. टीका वाढत गेली आणि 1946 नंतर ते सामने कायमचे बंद झाले. दरम्यान 1934 मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली होती आणि तिने धर्माच्या जागी प्रदेश आणला. ही सुधारणा मोठी होती. प्रदेशाचा संघ कुणाला विकता येत नाही. महाराष्ट्राचा रणजी संघ उठवून कुणी सुरतेला नेऊ शकत नाही. मराठवाड्याच्या बाबतीत मात्र उलटेच घडले. इथे संघ जागचा हलला नाही, सीमाच हलल्या. निजामाच्या राज्यात असताना औरंगाबाद हैदराबादच्या मुलखात होते. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि इथल्या पोराने रणजीचे स्वप्न पाहायचे ते पुण्याकडे तोंड करून, हे ठरून गेले. इक्बाल सिद्दिकी औरंगाबादचा, महाराष्ट्राकडून खेळत खेळत 2001 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राचा कर्णधार झाला. माणसे इथून गेली, हे खरे. सामना इथे येणे ही गोष्ट वेगळी.

2008 मध्ये आयपीएल आले आणि संघ मालमत्ता झाला. त्याआधी ‘संघ कुणाचा’ या प्रश्नाला समाज किंवा प्रदेश असे उत्तर होते. आता उत्तर होते बोली जिंकणारा. यातही एक मोकळेपण होते, ते नाकारू नये. संघटनेच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळलेल्या गावालाही आता पैशाच्या जोरावर नाव मिळू शकत होते. पण जे विकत घेता येते ते उचलूनही नेता येते. पुण्याने हे 2019 मध्ये पाहिले. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2014 पासून बालेवाडीत खेळत होता, नारिंगी जर्सी घालून गाणारा त्याचा चाहतावर्ग होता. मालक अडचणीत आले, नवे मालक आले आणि त्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. 2025 मध्ये तोही संघ दिल्लीला गेला. कबड्डीत तर संघाला हलवायचीही गरज उरलेली नाही. प्रो कबड्डीचा 2021-22 चा अख्खा हंगाम साथीमुळे बंगळुरूच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना झाला. ती तेव्हाची नड होती, पण नड सरल्यावरही 2025 चे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत ठेवले गेले. पुणेरी पलटण होती, पुणे नव्हते.

वहिवाट मोडायला निघाली की काय होते याचे सर्वांत चांगले उदाहरण बास्केटबॉलचे आहे आणि त्यात एक मराठी आडनाव आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोचा किंग्ज हा संघ 2013 च्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्या खरेदीदारांना विकला जाणार होता आणि संघ तिकडे हलणार होता. सॅक्रॅमेंटोत तेव्हा दुसरा कुठलाही मोठा व्यावसायिक संघ नव्हता. पूर्वी लेकर्स या प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक फिल जॅक्सन याने या शहराला गुराढोरांचे गाव म्हणून हिणवले, तेव्हा तिथले प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घाट्या घेऊन मैदानात आले आणि पाहुण्या संघाच्या कानाशी त्या बडवत राहिले. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरमाळा बांधणाऱ्या आपल्या लोकांना यातली खोच सांगायला नको. संघ जाणार म्हटल्यावर याच लोकांनी नगरपालिकेच्या बैठका भरवल्या, हंगामाच्या तिकिटांची आगाऊ वचने गोळा केली, महापौर केव्हिन जॉन्सन, जो स्वतः जुना बास्केटबॉलपटू, गिऱ्हाईक शोधत फिरला. मे 2013 मध्ये लीगमधल्या संघमालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारले आणि संघ मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने घेतला. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये हाच संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळून गेला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तोटा मालकाने सोसायचा, आणि तिकिटाचे पैसे देऊन दोन तास मजा घेतलेल्याने हक्क सांगायचा, हा कुठला न्याय? पण सॅक्रॅमेंटोत कुणी मालमत्ता हिसकावली नाही. जुन्या मालकांना सुमारे 53.4 कोटी डॉलर मूल्यांकनाने, म्हणजे लीगच्या तोवरच्या इतिहासातल्या सर्वांत चढ्या भावाने, आपला वाटा विकता आला. त्यांची अडवणूक एवढीच झाली की विकताना वाट बंद करता आली नाही. तहसीलदारही तेवढेच करतो. खरी किंमत दुसऱ्याच कुणी मोजली: नव्या स्टेडियमसाठी शहराने सुमारे 25 कोटी डॉलरचा वाटा उचलला. कर भरणाऱ्या, पण बास्केटबॉल न पाहणाऱ्या माणसाने तो का द्यावा, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. वहिवाटीचा हक्क मान्य करणे वेगळे आणि त्याच्या नावाखाली मालकाला सरकारी तिजोरी उघडून देणे वेगळे. अमेरिकी शहरांनी या दोहोंची गल्लत वारंवार केली आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. हा संघ मुळात सॅक्रॅमेंटोचा होताच कुठे? तो रॉचेस्टरमध्ये जन्मला, 1957 मध्ये सिनसिनाटीला गेला, 1972 मध्ये कॅन्सस सिटीला, आणि 1985 मध्ये सॅक्रॅमेंटोला आला. तीन गावांची वहिवाट मोडून आलेल्या संघावर चौथ्याने वहिवाट सांगायची! आणि सिअ‍ॅटल तरी कोण? तिथला सुपरसॉनिक्स 41 वर्षे खेळून 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेला गेला होता. त्या जखमेवर उपाय म्हणून सिअ‍ॅटल दुसऱ्याचा संघ उचलायला निघाले होते. यावर उत्तर असे की वहिवाट उगमावर ठरत नाही. ती किती काळ, किती सलग, किती लोकांची, एवढेच पाहिले जाते, आणि वापर थांबला की ती मरतेही. ज्यांचा दावा आज जिवंत आहे त्यांना आधी विचारा, एवढाच त्याचा अर्थ. सिअ‍ॅटललाही तडजोडीत निदान संघाचे नाव आणि रंग राखून ठेवता आले. पुण्याला तेवढेही विचारले गेले नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येईल: नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहराला हे चोचले कशाला? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी जात होते आणि त्याच दुष्काळाचा विचार करून मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. पुण्याच्या संघाने मग विशाखापट्टणम हे घर केले. निर्णय तेव्हा योग्यच होता. पण व्यावसायिक खेळाच्या नकाशावर मराठवाडा ठळकपणे उमटला तो असा, सामने दुसरीकडे नेण्याचे कारण म्हणून, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. पाण्याची मागणी करणाऱ्याने मैदानाची मागणी करू नये असा काही नियम नाही. तसे म्हणणारे पुण्या-मुंबईला हा प्रश्न कधी विचारत नाहीत. 2018 मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला हलले, तेव्हा पिवळ्या सदऱ्यातले चाहते खास गाडीने चेन्नईहून पुण्याला आले. पाण्यासाठी तापलेल्या राज्यातलेच ते लोक होते.

त्या गाडीत बसलेल्यांच्या मागे चेन्नईच्या चेपॉक मैदानावरच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी होत्या. छत्रपती संभाजी किंग्जसाठी इथून गहुंज्याला अशी गाडी निघण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याचा दोष चाहत्यांना देण्यात अर्थ नाही. चाकोरी पडायला आधी चाके फिरावी लागतात. अनुशेषाच्या भाषेने आपल्याला नाव मिळाले की समाधान मानायची सवय लावली आहे. कागदावर शहराचे नाव लागले की रकाना भरतो. 2023 च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाची बैठक इथे झाली तेव्हा क्रीडा विद्यापीठाची घोषणा पुन्हा ऐकली, ती त्याच रकान्यातली. इथे प्रक्षेपणायोग्य दिवे नाहीत, सोयी अपुऱ्या आहेत, म्हणून सामने गहुंज्याला, असे क्रिकेट संघटना म्हणेल. मग निदान दिवसाचे दोन सामने, मुलींचे सामने, सराव शिबिर इथे व्हावे, आणि शहराचे नाव वापरण्याच्या मोबदल्यात मैदानावर खर्च व्हावा, असे करारात लिहून घेता येते. सूतगिरणी चौकात विभागीय क्रीडा संकुल आहे, मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे (साई) केंद्र आहे, महापालिकेचे गरवारे स्टेडियम आहे. पुढच्या वेळी या शहराच्या नावाचा संघ जाहीर होईल तेव्हा जर्सीचा रंग पाहण्याआधी वेळापत्रक मागा, आणि त्यात गरवारे स्टेडियमच्या नावापुढे किती तारखा आहेत ते मोजा.