सोन्यात मढविलेले वैराग्य

माल्टा बेटावर १७६४ साली पाडलेले वीस स्कुदींचे सोन्याचे नाणे आज क्वचितच पाहावयास मिळते. वजन दीड तोळ्यास थोडे कमी. एका बाजूस संत योहान बाप्तिस्ता उभे आहेत. त्यांच्याहून थोर कोणी उपजला नाही, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे भोवती आहेत. दुसऱ्या बाजूस, संत योहानांच्या नावाने चालणाऱ्या लढवय्या धर्मसंघाचे महाप्रमुख मानुएल पिंटो यांचे कुलचिन्ह आणि त्यावर मुकुट. उंटाच्या केसांचे वस्त्र ल्यालेल्या, टोळ व रानमध यांवर जगलेल्या त्या विरक्ताला सोन्यात मढविणाऱ्यांनी स्वतः दारिद्र्याचे व्रत घेतले होते!

कोणी म्हणेल, व्रत व्यक्तीचे, नाणे राज्याचे. १५३० पासून माल्टा संघाकडे होते आणि राज्य म्हटले की टाकसाळ आलीच. हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. याच संघाच्या व्हॅलेटा येथील रुग्णालयात रोग्यांना चांदीच्या ताटांतून जेवण मिळे. रुग्ण हे आपले धनी, ही संघाची जुनी शिकवण. धन होते, पण ते कोणापुढे ठेवायचे याविषयी तेथे संदेह नव्हता. पिंटोंनी मात्र राजांना शोभणारा मुकुट आपल्याच चिन्हावर चढविला. तुर्कांशी लढण्याचे मूळ कार्य तोवर क्षीण झाले होते आणि १७७३ साली ते वारले तेव्हा तिजोरी कर्जात बुडाली होती. ‘माझे काही नाही, सारे संघाचे’ हे वाक्य माणसाला किती निर्धास्तपणे श्रीमंत होऊ देते! आपल्याकडील संस्थांचे ताळेबंद वाचतानाही मला ते आठवते.

दोनशे वर्षांपूर्वी याच संघाने तांब्याचीही नाणी पाडली होती. १५६५ चा तुर्की वेढा नुकताच उठला होता, नवे शहर उभारावयाचे होते आणि चांदीची चणचण होती. महाप्रमुख ला व्हालेत यांच्या त्या नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आहेत. हे तांबे नव्हे, विश्वास आहे, असे त्यांवर लिहिले आहे. सोने कसोटीवर घासून पाहता येते. येथे घासून पाहण्याजोगे काही नव्हते. होता तो देणाऱ्याचा शब्द.

१७९८ च्या जूनमध्ये नेपोलियनचे आरमार आले. तुर्कांना सुमारे चार महिने थोपविणाऱ्यांच्या वारसांनी काही दिवसांतच बेट स्वाधीन केले. रुग्णालयातील चांदीची ताटे फ्रेंचांनी वितळविली.