मरुभूमीतील परस

खरेदीखत नोंदले गेले की जमिनीवरील मालकीचा प्रश्न सरकारदफ्तरी मिटतो. परंतु त्या जमिनीशी माणसाने वागावे कसे, हा धर्मविचारातला प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो. सुजलाम् प्रदेशात तो टाळता येतो, कारण तेथे निसर्ग आपली उधळपट्टी पोटात घालतो. मरुभूमीत घागरीघागरीचा हिशेब असल्यामुळे घरामागच्या लहानशा परसाची आखणीसुद्धा नीतीचा विषय होऊन बसते.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातले टूसॉन शहर सोनोरन वाळवंटात वसले आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे २८० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्यावर हिरवळ जगत नाही. ती जगवण्यासाठी कोलोरॅडो नदीचे पाणी पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या कालव्यातून, चढावर उपसून आणावे लागते, आणि ती नदी तर सात राज्ये व मेक्सिको यांच्यात वाटली जाऊन बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी डोळ्यांच्या सुखाकरिता राखलेली हिरवळ दुसऱ्याच्या हिश्शावर उभी असते, हे मान्य करावेच लागते.

ही जाणीव झालेले कित्येक गृहस्थ हिरवळ उपटून, प्लास्टिकचे कापड अंथरून, सबंध परसावर खडी पसरतात. पाणी वाचते, हे खरे. पण दिवसभर तापलेली ती खडी रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते, आणि तिच्यात ना पाखराला आसरा मिळतो, ना बीजाला. हे वैराग्य मला अपुरे वाटते. ईशावास्योपनिषदाने आपल्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग यांची सांगड घातली, ती याचसाठी की, ज्या त्यागाने कोणाचेच पोषण होत नाही, तो केवळ रितेपणा ठरतो.

तिसरा मार्ग आकाशातून येणाऱ्या दानापासून सुरू होतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तेथील वर्षभराच्या पावसाचे सुमारे २८ हजार लिटर पाणी पडते. ते रस्त्यावर वाहून जाऊ न देता पन्हळींनी परसात वळवावे, खोलगट आळी खणून जिरवावे, आणि त्या आळ्यांच्या काठी तेथलीच झाडे लावावीत: हिरव्या सालीचा पालो व्हर्दे, आणि दसऱ्याला आपण पुजतो त्या शमीचा आप्त असलेला मेस्कीट. याच झाडांच्या सावलीत सग्वारो निवडुंगाचे रोप तग धरते. पहिल्या आठ वर्षांत ते जेमतेम एक-दीड इंच वाढते, आणि त्याला फांद्या फुटायला बहुधा पन्नासाहून अधिक वर्षे लागतात. ते लावणाऱ्या प्रौढ माणसाला फलाशा ठेवण्याची सोयच उरत नाही. निष्काम कर्म तेथे वनस्पतीच्या स्वभावातूनच शिकावे लागते. त्या भूमीचे मूळ रहिवासी टोहोनो ओऑडम लोक सग्वारोला माणसांतच गणतात, आणि उन्हाळ्याच्या आरंभी त्याची फळे काढून, त्यांच्या मद्याने पावसाला आवाहन करतात.

मग परदेशी गेलेल्या मराठी गृहिणीने तेथे तुळस आणि कढीलिंब लावूच नये काय? अवश्य लावावीत. मायभूमीची ओढ हीसुद्धा माणसाची न्याय्य गरज आहे, आणि दाराशी, सावलीत ठेवलेल्या दोन कुंड्यांना भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी पुरते. स्मृतीला एक कोपरा द्यावा; सगळ्या परसावर तिचा अंमल मात्र बसवू नये.

खरेदीखताने आपल्याला जो मिळतो तो, धर्माच्या दृष्टीने, वहिवाटीचा हक्क आहे. आपल्या परंपरेने गृहस्थाला भूतयज्ञ सांगितला, म्हणजे स्वतः जेवण्यापूर्वी इतर प्राणिमात्रांचा भाग काढून ठेवण्याचे कर्तव्य. हाच क्रम परसालाही लागू आहे: आपल्या आधीपासून तेथे राहणाऱ्या झाडांचा, पाखरांचा आणि खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांचा पाण्यातला वाटा प्रथम काढावा, आणि उरलेल्यात आपली हौस भागवावी. हा क्रम उलटा करणाऱ्याची मालकी कायद्याने निर्वेध असली, तरी धर्माने ती सदोषच राहते.