सावध करणे म्हणजे परवानगी देणे का?



आपल्या धर्मग्रामातील काही पालकांनी आम्हाला एक प्रश्न विचारला आहे. घरे वेगळी, पण प्रश्न एकच. "फादर, मुलगा गांजा ओढतो. समजावले, रागावलो, तरी सोडत नाही. निदान ओढून गाडी तरी चालवू नकोस, असे सांगावेसे वाटते. पण तसे म्हटले की बाकीच्या वेळी ओढायला आम्हीच परवानगी दिल्यासारखे होणार नाही का?"

हा प्रश्न वरवरचा नाही. जे वाईट आहे त्याला वाईटच म्हटले पाहिजे, ही सत्याची मागणी आहे. मूल जिवंत आणि शहाणे राहिले पाहिजे, ही प्रेमाची मागणी आहे. दोन्ही मागण्या एकाच वेळी कशा सांभाळायच्या, याचा आज आपण विचार करू या.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ऊस आणि मक्याच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ मेफेड्रोन, म्हणजे तरुण मुले ज्याला 'एमडी' म्हणतात ते, बनवणारा कारखाना पकडला गेला. अशा विषापुढे गांजा म्हणजे किरकोळ बाब, असे काहींना वाटू लागले आहे. 'ती तर वनस्पती आहे', 'दारूपेक्षा बरी' अशी वाक्ये कानावर येतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतले होते. त्यांपैकी सुमारे ७२ लाख लोकांना त्या सवयीपायी मदतीची गरज होती. याचा अर्थ असा की, घेणारा प्रत्येक जण त्यात अडकत नाही. आणि अडकणारे मूठभरही नाहीत.

सव्वाशे वर्षांपूर्वीही या विषयावर असाच गोंधळ होता. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. आपल्या मुंबई इलाख्यासह देशभरातून त्याने सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात अनेकांच्या नावापुढे वेडाचे कारण 'गांजा' असे लिहिलेले असे. आयोगाने खोलात जाऊन पाहिले, तेव्हा दिसले की, पुष्कळदा ते कारण कोणी तपासलेलेच नव्हते; पोलिसांच्या कागदावरून ते तसेच उतरवले होते. बेताने घेणाऱ्यांना सहसा मोठी इजा होत नाही, अतिरेक मात्र घातक आहे, असा आयोगाचा १८९४ चा निष्कर्ष होता. कोवळ्या वयातील मेंदूविषयी आज वैद्यकशास्त्राला कितीतरी अधिक माहिती आहे. म्हणून त्या जुन्या अहवालाच्या आधारे 'गांजा निर्धोक आहे' असे कोणी म्हणू नये. पण त्यातला एक धडा आजही खरा आहे. भीती घालण्यासाठी सांगितलेले खोटे फार दिवस टिकत नाही. 'एकदा ओढलास तर वेडा होशील' असे आपण मुलाला सांगतो. तो ओढतो, वेडा होत नाही आणि मग आपण सांगितलेले खरेही ऐकेनासा होतो.

मग खरे काय आहे? मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात वरचेवर गांजा घेतला तर स्मरणशक्ती, लक्ष आणि अभ्यासातील चिकाटी यांवर परिणाम होतो. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला त्याची सवय जडते. विशीच्या आत सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहात एकापर्यंत जाते. काहींच्या छातीत धडधड होते, जीव घाबरा होतो. काहींना विनाकारण संशय येऊ लागतो, कानात आवाज ऐकू येतात. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात गंभीर मानसिक आजार आहे, त्यांना हा धोका जास्त असतो. वर्षानुवर्षे ओढणाऱ्या काहींना उलट्यांचा विचित्र आजार होतो. गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि घरच्यांना वाटते पित्त झाले.

आता हे पाप आहे का? आहे. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: औषधोपचार सोडून अन्य कारणासाठी अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध आहे, आणि ते चोरून बनवणे व विकणे हे तर इतरांना अधोगतीला नेणारे कृत्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली अशा पदार्थांना कायदेशीर मान्यता देण्यास उघड विरोध केला होता. यामागचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी दारूच्या संदर्भात मांडला आहे: विवेकबुद्धी ही देवाची देणगी आहे, आणि केवळ सुखासाठी ती जाणूनबुजून झाकून टाकणे हा त्या देणगीचा अव्हेर आहे. मात्र हीच ख्रिस्तसभा असेही शिकवते की, अज्ञान, भीती आणि जडलेली सवय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. कृत्य गंभीर आहे हे आपण सांगू शकतो. त्या मुलाच्या अंतःकरणाचा न्याय मात्र देवाकडे आहे.

येथे आपण पालकांच्या प्रश्नापाशी येतो. जो वाईट करणारच आहे, त्याला 'निदान कमी वाईट कर' असे सांगणे योग्य आहे का? हा प्रश्न नीतिशास्त्रात जुना आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांनी त्यावर विचार केला आहे. सर्व ईशज्ञांचे यावर एकमत नव्हते. मोठे वाईट करण्याचा ज्याचा निश्चय झाला आहे, त्याला लहान वाईटाकडे वळवणे गैर नाही, असे मत संत आल्फोन्सस यांनी ग्राह्य मानले. कारण सांगणाऱ्याचा हेतू वाईट घडावे असा नसतो; त्यातला जेवढा भाग टाळता येईल तेवढा टाळावा, असा असतो. दारू पिऊन बायकोला मारायला उठलेल्या माणसाला आपण म्हणतो, "अरे, निजून राहा." याचा अर्थ आपण त्याच्या पिण्याला आशीर्वाद दिला, असे कोणी म्हणत नाही.

पण या सवलतीला मर्यादा आहेत, आणि त्या नीट ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, हा सल्ला जो आधीच घेतो आणि आज ऐकायला तयार नाही त्याच्यासाठी आहे. ज्याने कधी घेतलेला नाही त्याच्यासाठी एकच शब्द आहे: नको. दुसरी, सल्ल्यात कौतुक किंवा मूकसंमती नसावी. तिसरी, आपण स्वतः त्या कृत्यात हात घालू नये. गांजा आणून देणे, त्यासाठी पैसे देणे, 'बाहेर ओढण्यापेक्षा घरातच ओढ' म्हणून खोली मोकळी करून देणे ही मदत नव्हे, तो सहभाग आहे. चौथी, त्याचा त्रास दुसऱ्या कोणावर, विशेषतः घरातील लहानांवर, ढकलला जाऊ नये. आणि पाचवी मर्यादा सर्वांत महत्त्वाची: हा सल्ला सोडण्याच्या वाटेवरची पायरी असावा, मुक्काम नव्हे.

या मर्यादा पाळून, पालकहो, पुढील गोष्टी निर्धास्तपणे सांगा. ओढल्यावर गाडीला हात लावायचा नाही. नशा उतरली असे वाटले तरी हातपाय आणि नजर काही तास मंद असतात. किमान सहा ते आठ तास आणि भांग खाल्ली असेल तर त्याहूनही अधिक. खंबाटकी घाटातले वळण कोणाची गय करत नाही. दारूबरोबर घ्यायचा नाही. दोन्ही एकत्र आले की चक्कर, उलट्या आणि अपघात वाढतात. तंबाखूत मिसळायचा नाही, कारण त्यामुळे एका सवयीच्या जोडीला दुसरी लागते. धूर छातीत कोंडून धरायचा नाही. त्याने फुप्फुसांना जास्त इजा होते. भांगेचा परिणाम दिसायला एक-दोन तास लागू शकतात. 'काही होत नाही' म्हणून पुन्हा घेतल्यामुळेच पुष्कळ जण इस्पितळात पोहोचतात. रोज घेणे आणि क्वचित घेणे यांत फार फरक आहे. दोन दिवसांमधले अंतर जितके वाढेल तितके बरे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तर अजिबात घेऊ नये. बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. डॉक्टरांपासून, विशेषतः भूल देण्यापूर्वी, लपवू नये.

एखाद्या रात्री मुलगा घाबरलेला, थरथरत घरी आला, तर त्या वेळी उपदेश नको. शांत जागी बसवा, पाणी द्या, जवळ थांबा. बहुतेक वेळा ते काही तासांत ओसरते. पण छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, भास होत असतील किंवा जीव देण्याची भाषा असेल तर वाट पाहू नका, थेट इस्पितळ गाठा. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तेव्हा मनात येऊ देऊ नका.

सोडायचे ठरवले की पहिल्या आठवड्यात झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड होते. हे माहीत नसले की घरचे म्हणतात, 'सोडल्यापासून जास्तच बिघडला'. बहुतेकांचा हा त्रास दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. तेवढे दिवस घराने सोसले पाहिजे. कायद्याच्या भीतीनेही कोणी अडून राहू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा घेणे हा गुन्हा ठरवला आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी आरोप ठेवला गेलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने तो पूर्ण केला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठी सरकारी मोफत दूरध्वनी आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करत आली आहे. देवधर्माविषयी डॉक्टरांचे विचार आपल्यापेक्षा वेगळे होते. पण प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यात (लूक १०) जखमी माणसाजवळ जो थांबला, तोही ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परक्या पंथाचाच होता.

त्या शोमरोनी माणसाने आधी काय केले? 'या रस्त्याने एकटा का आलास?' असे विचारले नाही. जखमा बांधल्या, तेल-द्राक्षारस ओतला, उतारशाळेत नेले. रस्ता धोक्याचा आहे हे त्यालाही ठाऊक होते, पण रक्त थांबवण्याची वेळ आधीची होती. सावधगिरीचा सल्ला म्हणजे असेच रक्त थांबवणे आहे. पुढे उतारशाळेत बरे व्हायचे आहे, आणि त्याचा खर्च कोणीतरी उचलायचा आहे. तो कुटुंबाने उचलायचा आहे, आपल्या धर्मग्रामानेही उचलायचा आहे.

तेव्हा पालकांना आमचे उत्तर असे: नाही, सावध करणे म्हणजे परवानगी देणे नव्हे. "हे चूक आहे, तू सोडावेस असे मला वाटते, त्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. आणि आज तू ऐकणार नसशील, तरी तू जिवंत घरी यायला हवास," ही सारी वाक्ये एकाच आईच्या, एकाच बापाच्या तोंडी शोभतात. मात्र पहिले वाक्य गाळून उरलेली बोलू नका, आणि पहिलेच बोलून गप्पही बसू नका.

तरुण मित्रांनो, धर्मगुरूंचे दार तुमच्यासाठी उघडे आहे. पापनिवेदनात सांगितलेले कधीही बाहेर जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पापनिवेदनासाठी मन तयार नसेल, तर नुसते बोलायला या. सोडायचे ठरवलेले नसेल, तरीही या.

चेपलेला बोरू न मोडणारा प्रभू आपल्या मुलाबाळांना सांभाळो आणि आपल्याला सत्य प्रेमाने बोलण्याचे धैर्य देवो.

आपले धर्मगुरू