वेग आणि निग्रह

शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या, शर्यतींस मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी वैध ठरविला; त्या कायद्याखालील नियमांनी बुलढाणा जिल्ह्यातील बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातातील चाबूक मात्र काढून घेतला. सरळ पट्ट्यावरील ड्रॅग मोटारशर्यतीतही, जेथे ऑटोमॅटिक गिअरचा दांडा आवेशात चुकून रिव्हर्समध्ये जाण्याचा धोका असतो, वेगाच्या भरात हाताला आवर स्वतः घालावा की बाहेरच्या बंधनाने, हाच प्रश्न उभा राहतो. कठोपनिषदाने बुद्धीस सारथी व मनास लगाम म्हटले. मग स्प्रिंगचा खटका उचलल्याखेरीज रिव्हर्समध्ये न जाणारा दांडा निवडणे हा संयमाचा पराभव मानावा काय? मला तसे मुळीच वाटत नाही. वेगात विवेक लोपतो हे जाणून, शर्यतीपूर्वीच शांतचित्ताने त्या खटक्यास आपल्या हातावर अंमल बहाल करणारी बुद्धी सारथ्यच करीत असते.