तुम्ही किती देवांचे?

घरच्यांसोबत एका दिवसाची सहल ठरवताना शहरातला माणूस जागेबद्दल पहिला प्रश्न विचारतो, तो गर्दीचा. गोंदियातल्या घरांत या प्रश्नाचे उत्तर म्हणून कचारगडचे नाव अधूनमधून निघते. सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला खेटून असलेले हे डोंगरातले खोरे. दरेकसा, पुढे धनेगाव, तिथून जंगलातली चढण आणि शेवटी अवाढव्य गुहेचे तोंड. ही आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा, असे वाटेत भेटणारा प्रत्येक जण सांगतो. मोजून कोणी आलेला नसतो. माघ पौर्णिमेला मात्र इथे लाखो गोंड भाविक लोटतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा कुठकुठल्या राज्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, पिवळे झेंडे फडकतात, ‘जय सेवा’चा गजर होतो. आमच्यासारख्या बिगरगोंड घरांना ही यात्रा बहुधा एवढीच ठाऊक असते, की त्या दिवसांत तिकडे जायचे नाही.

आम्हीही पौर्णिमा टाळूनच गेलो. आईवडील, आत्या, मुले, पोळ्या-भाजीचे डबे.

या खोऱ्याचा एकांत तसा पाहिला तर फसवा आहे. दरेकसा हे मुंबई-हावडा मुख्य लोहमार्गावरचे स्टेशन. मालगाड्या रात्रंदिवस या डोंगरांतून धडधडत असतात. १८८०च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लहान रुळांची गाडी याच बाजूने गेली. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग घेऊन रुंद केला. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे अर्धा हिंदुस्थान या खोऱ्याच्या उशाशी ये-जा करतो आहे. नंतरच्या काळात ‘दरेकसा दलम’ हे नाव नक्षलवादाच्या बातम्यांत वाचून वाचून लोकांनी इकडे फिरकणे कमी केले. जागा दुर्गम ठरते ती अंतरामुळे थोडी आणि ऐकीव भीतीमुळे जास्त.

दगडाच्या बाबतीत मात्र हा मुलूख खरोखर दूरचा आहे. महाराष्ट्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो. तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सालेकसा-दरेकसा पट्ट्यातला बिजली रायोलाइट हाही ज्वालामुखीचाच खडक, पण दोनशे कोटी वर्षांहून जुना. सह्याद्री त्यापुढे कालचे पोर. भूगर्भशास्त्राने गोंडांचे नाव तर पार दक्षिण गोलार्धाला दिले. १८७२ साली मेडलिकॉटने मध्य भारतातल्या कोळसा असलेल्या थरांना ‘गोंडवाना’ म्हटले आणि ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूसने त्यावरून एका लुप्त महाखंडाचे बारसे केले. अंटार्क्टिकाच्या पुस्तकातही गोंड आहेत. आमच्या शाळेत मात्र जिल्ह्याच्या भूगोलातला गोंड धानाच्या शेतीनंतर एका ओळीत संपायचा.

या खोऱ्याची गोष्ट दोन ठिकाणी भेटते, आणि दोन्हीकडे निराळी. नागपूरला राहणारा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली वारला. त्याच्या कागदांत गोंडांच्या एका परधान, म्हणजे भाट, गायकाकडून मिळालेले, गोंडांचा आद्य गुरू लिंगो याचे दीर्घ गीत होते. रिचर्ड टेंपलने ते १८६६ मध्ये छापले. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर सोळा हातांची शिळा लावतो. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लाहूगड इथे, म्हणजे तांबड्या डोंगरातल्या लोखंडी खोऱ्यात, जाऊन राहतात. तेच हे खोरे, असे मानतात. पुढे फोर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने हेच गीत ‘हायावाथा’च्या छंदात बसवले. गोंडांचा लिंगो अमेरिकेतल्या लाँगफेलोच्या चालीवर नाचू लागला, साहेबाची हौस.

कचारगडला सांगतात ती गोष्ट वेगळी. कली कंकालीची तेहतीस मुले याच गुहेत बंद होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांना त्यांची सुटका करायची होती, पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी शिळा ढकलली, आणि ती कोसळली नेमकी हिरासुकावर. मोतीरावण कंगालींसारख्या अभ्यासकांनी ही परंपरा ग्रंथांत आणली आणि ऐंशीच्या दशकात मूठभर माणसांनी यात्रेला पुन्हा उभारी दिली. मला ही दुसरी गोष्ट अधिक पटते. सुटकेची किंमत वाजवणाऱ्याने द्यावी, हे ज्या समाजाची स्मृती परधानांच्या वाद्यावर टिकली त्यालाच सुचू शकते.

गुहेच्या छतातल्या भगदाडातून आत उजेड उतरतो. खाली उभा राहून मी विचार करत होतो, की आपण इथे येतो ते जगापासून चार घटका कोंडून घ्यायला. ज्यांची ही जागा आहे, त्यांच्या लेखी मात्र ती कोंडलेल्यांनी बाहेर पडण्याची जागा. शांतता हवी म्हणून मी मुलांना दोनदा गप्प केले होते. गुहेच्या मूळ गोष्टीत शांततेने काहीच साधलेले नाही. काम झाले ते आवाजाने.

उतरताना बालाघाटकडचे एक कुटुंब नवस फेडायला चढत होते. त्यांच्यातली म्हातारी दम खायला आत्याजवळ टेकली. गाव, शेती, लेकरे विचारून झाल्यावर तिने वडिलांना विचारले, “दादा, तुमी किती देवाचे जी?”

वडील हसून म्हणाले, “आमचे काय, तेहतीस कोटी!”

“मंग सोयरीक कशी जमवता?” तिने खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले.

कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा किंवा सात देवांचे, अशी गोंड कुळांची वाटणी आहे. सारख्या संख्येचे ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. शिवाय प्रत्येक कुळाने काही झाडे-प्राणी राखायचे, त्यांना इजा करायची नाही. ही सारी व्यवस्था लिंगोने सुटलेल्या मुलांपासून लावून दिली, अशी श्रद्धा. म्हणजे म्हातारीचा प्रश्न चौकशीचा कमी आणि नात्याचा अधिक होता. अनोळखी माणूस भावाच्या बाजूचा की व्याह्याच्या, एवढे तिला ठरवायचे होते.

परतीच्या वाटेवर आत्याने तो विषय सोडला नाही. आपल्यातही सगोत्र चालत नाहीच की, म्हणाली, आणि नात्यातल्या दहा घरांची गोत्रे तिने घडाघडा मोजून दाखवली. तेव्हा धाकट्याने विचारले, आपला तो ऋषी राहायचा कुठे? वडील म्हणाले, हिमालयात असेल. आई म्हणाली, गोदावरीकाठी. सालेकसा येईपर्यंत वाद चालला, आणि जिथे पायी जाऊन यावे असे एक ठिकाण काही कोणाला सांगता आले नाही.