देवाला भाव, ओढ्याला दूध

आमच्या मंडळाच्या गणपतीत गेली वीस वर्षं मी विसर्जनाचं काम बघतो. म्हणजे टब भरणं, ताडपत्री अंथरणं आणि शेवटी सगळं रिकामं करून जागा झाडून देणं. आरतीला पुढे उभे राहणारे पुष्कळ असतात, टब उपसायला दोघं-तिघंच उरतात. या कामात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आणि तिच्यामुळे पडलेला एक प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो.

2014 चा सप्टेंबर. कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ होता. सामुदायिक अभिषेकासाठी घराघरातून दूध आलं होतं. विसर्जन झाल्यावर दोन मोठ्या पिंपांत दूध, दही, मध, कुंकू असं सगळं मिसळलेलं पाणी उरलं. त्यात चाळीसेक गॅलन तरी दूधच असेल. पार्किंगच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याची जाळी होती, तिथे आम्ही पिंपं नेली. मंडळातला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, इथे मासा काढलाय." खरंच, जाळीपाशी माशाचं चित्र होतं आणि इथे काही टाकू नका, हे पाणी उपसागराला जातं, असं इंग्रजीत लिहिलं होतं. मी म्हटलं, "अरे, देवाचं तीर्थ आहे ते. दूधच तर आहे!" आणि पिंप पालथं केलं.

सोमवारी सकाळी भाड्याच्या खुर्च्या परत करायला मी हॉलवर थांबलो होतो. तेवढ्यात शहराचा तपासनीस आला. मागच्या ओढ्याचं पाणी पांढरं झालंय, असा कोणा फिरायला आलेल्या माणसाचा फोन गेला होता. त्याने नम्रपणे विचारलं, काल इथून कोणी काही ओतलं का? मी म्हणालो, "मला कल्पना नाही. केटररच्या माणसांनी ओतलं असेल." चार दिवस बाप्पासमोर हात जोडलेले, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याच्या माथी खोटं! तेही ज्याने आम्हाला मोदक करून घातले त्याच्या.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य घशात अडकून राहिलं. शेवटी त्या माणसाच्या कार्डावरचा नंबर फिरवला आणि सांगितलं, ओतणारा मीच. लेखी ताकीद मिळाली, दंड झाला नाही. मंडळाच्या बैठकीत मात्र माझ्यावर बरेच जण चिडले. "अरे, तुला कोणी विचारलं होतं? मंडळाचं नाव गेलं ना!" दुसरे म्हणाले, "भावना शुद्ध होती. त्यात पाप कसलं?"

हाच तो प्रश्न. भावना शुद्ध असली की कृती शुद्ध होते का?

त्या तपासनीसाने फोनवर मला जे समजावलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. आमच्या सॅन होजे भागात जमिनीखाली दोन वेगळ्या वाहिन्या आहेत. घरातल्या सिंकचं, संडासाचं पाणी सुअरमधून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्यावरच्या जाळीतलं पाणी मात्र कुठेही शुद्ध न होता ग्वादालूपे नदी, कायोटी क्रीक अशा प्रवाहांतून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जातं. 1972 च्या क्लीन वॉटर कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली आणि या पावसाच्या पाण्याची जबाबदारी शहरांवर आली. म्हणून ती माशाची चित्रं, म्हणून ते तपासनीस.

आणि दूध? पाण्यातले जिवाणू दूध कुजवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मासे गुदमरतात. या हिशेबाने दूध घरगुती सांडपाण्याच्या शेकडो पट जड असतं. आमचं चाळीस गॅलन दूध म्हणजे दोन-अडीचशे माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार. त्यात आपला गणपती येतो ऑगस्ट-सप्टेंबरात. पुण्या-मुंबईला तेव्हा नद्या भरलेल्या असतात. इथे मे महिन्यापासून पाऊस नसतो, ओढ्यात घोटाभर पाणी उरलेलं असतं. ज्याला मी तीर्थ म्हणत होतो, ते त्या माशांना गटारापेक्षा वाईट होतं.

देवाला भाव पोचतो, हे मी मानतो. पण ओढ्याला भाव पोचत नाही, त्याला दूधच पोचतं. पवित्र आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकाचा दाखला दुसरीकडे चालत नाही. मनापुरतं असेल तोवर मनाची साक्ष पुरते. जिथे आपली कृती दुसऱ्याच्या दारी जाते, तिथे ती कुठे पोचते हे विचारणं हाही भक्तीचाच भाग आहे. गाडगेबाबा रात्री कीर्तनाला उभे राहण्याआधी दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत, ते उगीच नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं दंडाच्या भीतीने. त्याचं उत्तर मला 2019 साली पुण्यात मिळालं. भावाकडचा गणपती घेऊन आम्ही घाटावर गेलो. महापालिकेचा हौद समोर, दोन पावलांवर मुठा. तिथे मला कोणी ताकीद देणार नव्हतं, आणि खरं सांगतो, हात आधी नदीकडेच वळला. पाच वर्षं इथे नियम पाळले त्यातलं निम्मं श्रेय भीतीचं होतं, हे तेव्हा कळलं. मग तो माशाचं चित्र दाखवणारा मुलगा आठवला, आणि आम्ही हौदाकडे गेलो. नियम बाहेरून हात धरून शिकवतो, त्यात कमीपणा नाही. पण पहारा उठल्यावर जे उरतं तेवढंच आपलं.

आता आमच्याकडे अभिषेकाला सगळ्यांचं मिळून एकच वाटी दूध असतं. घरोघरी आणलेले बंद कॅन फूड बँकेला जातात. विसर्जनाआधी जाळ्यांवर रबरी मॅट पडते. शाडूची माती टबात बसू देतो, वरचं पाणी हिरवळीला घालतो, आणि माती पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी ठेवतो. प्रसादाच्या कढईतलं तूप सिंकमध्ये जात नाही, कारण ते वाहिनीत थिजून सुअर तुंबवतं. ते पुसून कचऱ्यात टाकतो. केटररची मी त्याच आठवड्यात माफी मागितली. अजूनही मोदक त्याचेच असतात.

यंदा विसर्जनाला याल तेव्हा दहा मिनिटं मागे थांबा, मुलांनाही थांबवा. टब रिकामा करायला हात हवेत. आणि मुलाने विचारलं, "हे पाणी कुठे जातं?", तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!